हिशेबाचा तक्ता

मे महिन्यात गडचिरोली आणि चंद्रपूरच्या रानात तेंदूपत्त्याची तोडणी जोरात असते. पहाटेच माणसं रानात जातात. सत्तर पानांचं एक पुडकं बांधायचं आणि फळीवर मोजून द्यायचं. मजुरी शेकड्यावर ठरते. शंभर पुडक्यांना इतके रुपये.

पूर्वी हा हिशेब ठेकेदाराचा माणूस ठेवी. मग 2006 साली वनहक्क कायदा झाला. 2009 साली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 साली त्या गावाने आपला बांबू आपण विकला. आता कित्येक ग्रामसभा तेंदूपत्ताही स्वतः विकतात. हक्क आला, तसा हिशेबही गावाकडे आला.

हा हिशेब संगणकावर मांडता येतो. त्यासाठी पडद्यावर एक आखलेला तक्ता असतो. उभ्या रकान्यांना ए, बी, सी अशी नावे असतात. आडव्या ओळींना 1, 2, 3 असे आकडे असतात. बी रकाना आणि दुसरी ओळ जिथे मिळतात, तो खण बी 2.

खणात नाव लिहिता येते, आकडा लिहिता येतो आणि नियमही लिहिता येतो. ही या तक्त्याची खरी करामत आहे. समजा, ए मध्ये कुटुंबाचे नाव आहे. बी मध्ये पुडक्यांची संख्या आहे. वर ई 1 या खणात शेकड्याचा दर आहे. मग सी मध्ये नियम लिहायचा: बी ला शंभराने भागा, ई 1 ने गुणा. पुडकी 1200 आणि दर 400 रुपये असला, तर सी मध्ये 4800 दिसतात. दर 450 केला, की लगेच 5400 होतात. नियमात ई 1 हा खण पक्का करून तोच नियम खाली ओढला, की सगळ्या कुटुंबांना लागू होतो. म्हणजे आपण संगणकाला काम शिकवले, पण ते खणांवर बोट ठेवून!

ही युक्ती अमेरिकेतल्या डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याला सुचली. वर्गात गुरुजी फळ्यावर हिशेबाचा तक्ता मांडत. एक आकडा बदलला, की बाकीचे पुसून पुन्हा लिहावे लागत. 1979 साली ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचा ‘व्हिसिकॅल्क’ हा तक्ता विक्रीला आला.

पण सावध राहा. खणात दिसतो आकडा. नियम त्याच्यामागे लपलेला असतो. समजा, गावात चाळीस कुटुंबे आहेत. बेरजेचा नियम आहे: सी 2 पासून सी 41 पर्यंत. मागाहून एक कुटुंब आले. त्याचे नाव 42 व्या ओळीत लिहिले, पण बेरीज 41 लाच थांबली. बँकेतून पैसे कमी काढले. वाटपाच्या दिवशी एका कुटुंबाला मजुरी पुरली नाही. चोरी कोणीच केली नाही, तरी घामाचे पैसे अडकले.

यावर उपाय आहे. खणावर टिचकी मारली, की वरच्या पट्टीत नियम दिसतो. पुष्कळ तक्त्यांत बाण काढण्याचीही सोय असते. कोणता आकडा कोणत्या खणातून आला, ते बाण दाखवतात. रिकाम्या किंवा चुकीच्या खणाला आपोआप लाल रंगही देता येतो.

म्हणून ग्रामसभेत तक्ता सर्वांसमोर उघडा. विचारा, “बेरीज कुठपासून कुठपर्यंत घेतली? दर कोणत्या खणात आहे?” एका कुटुंबाची मजुरी कागदावर करून ताडून पाहा. दोन्ही आकडे जुळले, मगच सही करा.