मुलान : एका चिनी कथागीताचें संगीत नाटक कसें झालें

जें नाटक आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनीं एकत्र बसून पाहावें, तें रचणें वाटतें तितकें सोपें नाहीं. लहानांना त्यांत गंमत हवी, थोरांना अर्थ हवा, आणि दोघांनाहि गाणें हवें. हें काम लोककथेला चांगलें साधतें. कारण सर्व वयांच्या श्रोत्यांपुढें पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाऊन ती घडलेली असते. चीन देशांतील मुलान नांवाच्या मुलीची कथा हें याचें उत्तम उदाहरण होय. या कथेवरील ‘मुलान ज्युनियर’ हें सुमारें एक तासाचें संगीत नाटक परदेशांतील अनेक शाळांनीं रंगभूमीवर आणिलें आहे. त्याच्या मुळाशीं काय आहे, तें पाहूं.

मूळ कथागीत उत्तर-वेई राजवटीच्या काळांतील, म्हणजे इ. स. ३८६ ते ५३४ च्या दरम्यानचें असावें, असें विद्वान मानतात. पुढें सोंग राजवटींत ग्वो माओचिएन यानें जुन्या गीतांचा मोठा संग्रह केला, त्यांत तें आलें म्हणून आज आपल्याला उपलब्ध आहे. सारें गीत सुमारें ३३० चिनी अक्षरांचें. आरंभीं मुलान मागावर बसून सुस्कारे टाकीत आहे. राजानें सैन्यभरतीचा हुकूम काढला असून प्रत्येक यादींत तिच्या बापाचें नांव आहे. बापाला कर्ता मुलगा नाहीं, तिला वडील भाऊ नाहीं. तेव्हां ती स्वतःच घोडा, खोगीर, लगाम व चाबूक विकत घेते आणि पुरुषाच्या वेषांत बापाच्या जागीं लढावयास जाते. बारा वर्षांनीं राजा तिला अधिकारपद देऊं करितो; पण ती तें नाकारून घरीं जाण्यासाठीं एक चपळ घोडा तेवढा मागते. आईबाप तिला गांवाबाहेर सामोरे येतात, धाकटा भाऊ मेजवानीच्या तयारीला लागतो. ती आपल्या खोलींत जाऊन पूर्वींचा पोशाख घालते व बाहेर येते, तों तिचे सोबती थक्क होतात. आपला साथीदार मुलगी आहे, हें इतक्या वर्षांत कोणाला कळलेंच नव्हतें!

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. लढाईला या गीतांत फार थोड्या ओळी मिळाल्या आहेत. निरोपाला व पुनरागमनाला मात्र पुष्कळ. ही शौर्याची कथा खरीच, परंतु त्याहूनहि अधिक ती घराची कथा आहे.

रंगभूमीवर ती फार पूर्वींच आली. मिंग काळांतील श्यू वेई (१५२१–१५९३) या लेखकानें तिच्यावर दोन अंकी नाटक लिहिलें. त्यांत लढाईला निघण्यापूर्वीं मुलान आपले बांधलेले पाय सोडते. पाय बांधण्याची ती चाल लेखकाच्या काळची. मूळ गीतांत तिचा मागमूसहि नाहीं. जुन्या कथेंत प्रत्येक युग आपलें कांहीं तरी असें घालीत असतें. पुढें पेकिंगच्या संगीत रंगभूमीवर मेइ लानफांग (१८९४–१९६१) या विख्यात नटानें मुलानची भूमिका केली. पुरुषानें स्त्री व्हावयाचें, आणि त्या स्त्रीनें पुनः पुरुषाचें सोंग घ्यावयाचें! आमच्या बालगंधर्वांविषयीं ज्यांनीं वडिलांकडून ऐकलें आहे, त्यांना यांतील अवघड कसब सहज कळेल. त्या रंगभूमीवर घोडा आणीत नाहींत. नटाच्या हातांत गोंड्यांचा चाबूक असला कीं तो घोड्यावर स्वार आहे, असें प्रेक्षक समजतात. आपल्या शाळांच्या नाटकमंडळींनीं हा धडा अवश्य घ्यावा. १९५१ सालीं चांग श्यांग्यू या अभिनेत्रीनें तर होनान प्रांताच्या पद्धतीचे नाट्यप्रयोग गांवोगांव करून, कोरियाच्या युद्धासाठीं एका लढाऊ विमानाचा पैसा उभा केला. त्यांत ‘ह्वा मुलान’ हें नाटक प्रमुख होतें.

शाळांतून होणारें नाटक १९९८ च्या अमेरिकन बोलपटावरून घेतलेलें आहे. त्यांतील पदांना मॅथ्यू वाइल्डर यांनीं चाली दिल्या व डेव्हिड झिपेल यांनीं तीं रचलीं. आमच्या संगीत नाटकांत पद पुष्कळदां एकच भाव आळविण्यासाठीं येतें. या पद्धतींत मात्र पदानें कथा पुढें न्यावी लागते. उदाहरणार्थ, शिबिरांतील कवायतीचें पद सुरू होतें तेव्हां सारे सैनिक धडपडणारे असतात. तें संपतें तेव्हां ते शिपाई झालेले असतात. एका तासाच्या नाटकाला ही काटकसर फार उपयोगीं पडते. बोलणारा चिमुकला ड्रॅगन मुलांना हंसवितो, आणि पूर्वजांचा मेळा आणिल्यामुळें पुष्कळ विद्यार्थ्यांना भूमिकाहि मिळतात.

परंतु या बदलांची किंमतहि आहे. मूळ गीतांत मुलानचें गुपित ती स्वतः, स्वतःच्या घरीं, स्वतःच्या इच्छेनें उघड करिते. बोलपटांत तें जखमेमुळें उघडकीस येतें व तिला सैन्यांतून हांकलून देतात. नाट्याला संघर्ष लागतो, म्हणून हें समजण्यासारखें आहे; तरी गीतांतील ती शांत प्रतिष्ठा यांत हरवते. तेथें तिला कोणी क्षमा करीत नाहीं, कारण तिनें अपराध केला आहे असें कोणास वाटतच नाहीं.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, हें नाटक करण्याचा योग आल्यास तलवारींच्या खणखणाटावर सारा वेळ खर्चूं नका. मागावरील सुस्कारा व घरचें दार यांनाहि त्यांचा वेळ द्या. आणि पालकहो, आपण प्रेक्षकांत बसाल तेव्हां सैन्यभरतीच्या त्या यादीकडे लक्ष असूं द्या. तींत बापाचें नांव होतें, मुलीचें नव्हतें. तिला कोणी मोजलेंच नव्हतें. तरीहि घर राखलें तें तिनेंच.