ऑक्सफर्ड की केंब्रिज?

जीवशास्त्राची पदवी घ्यायला ऑक्सफर्डला जावं की केंब्रिजला? इंग्लंडमधल्या या दोन विद्यापीठांत सहसा एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. त्यामुळे निवड आधीच करावी लागते. नाव दोघांचंही मोठं. फरक आहे तो अभ्यासक्रमाच्या रचनेत.

ऑक्सफर्डमध्ये पहिल्या वर्षापासून जीवशास्त्रच शिकायचं. विद्यापीठाचं विथम नावाचं रान आहे. तिथे ग्रेट टिट या पक्ष्यांच्या नोंदी १९४७ पासून ठेवल्या जात आहेत. जीवरसायनशास्त्राची पदवी मात्र वेगळी. कोणती हवी, ते अर्जातच सांगावं लागतं.

केंब्रिजमध्ये प्रवेश मिळतो तो ‘नॅचरल सायन्सेस’ला. पहिल्या वर्षी तीन विज्ञानविषय आणि जोडीला गणित. खास विषय पुढे ठरतो. केंब्रिजमध्येच १९५३ साली डीएनएची रचना उलगडली. ती उलगडणाऱ्यांपैकी वॉटसन प्राणिशास्त्र शिकलेले, तर क्रिक भौतिकशास्त्र!

म्हणून सल्ला मागणाऱ्या विद्यार्थ्याला आपण आधी विचारावं, ‘रसायन, भौतिक आत्ताच सोडायची तयारी आहे का?’ ‘हो’ म्हणणाऱ्याला ऑक्सफर्ड जवळचं, घुटमळणाऱ्याला केंब्रिज. आपल्याकडच्या संस्था निवडतानाही हाच प्रश्न उपयोगी पडेल.