आधी सॉरी, मग उपवास!

‘वर्षभरात कुणाला दुखावलं असेल तर सॉरी!’ एक मेसेज टाइप केला, सगळ्या ग्रुप्सवर फॉरवर्ड केला, की झालो मोकळे. करतो ना आपण असं? पण ज्यू धर्मातल्या सर्वांत पवित्र दिवशी, म्हणजे योम किप्पूरला, हा शॉर्टकट चालत नाही बरं का!

योम किप्पूर म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. हिब्रू कॅलेंडरमधल्या तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी तो येतो. आपल्याकडे तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबर असतो. आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताआधी जेवायचं आणि मग सुमारे २५ तास कडकडीत उपवास. साबुदाण्याची खिचडी सोडाच, पाण्याचा थेंबही नाही. अंघोळ नाही, चामड्याचे बूट नाहीत. आजारी माणसाच्या जिवाला धोका असेल तर मात्र त्यानं खायचंच, कारण जीव उपवासापेक्षा मोठा. १९६५ साली अमेरिकेतल्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच नेमकी याच दिवशी आली, तर डॉजर्सचा स्टार पिचर सँडी कोफॅक्स खेळलाच नाही!

तरी भूक सहन करणं हा त्यातला सोपा भाग. ज्यूंचा प्राचीन ग्रंथ ‘मिश्ना’ सांगतो, की देवाशी चुकलात तर या दिवशी माफी मिळेल. पण माणसाला दुखावलं असेल, तर त्याची समजूत काढल्याशिवाय योम किप्पूरही कामाचा नाही. बाराव्या शतकातले ज्यू पंडित मायमोनिडीज तर म्हणतात, कुणाचं नुकसान केलं असेल तर नुसते पैसे भरून भागत नाही, माफीही मागायची. तो ऐकत नसेल तर त्याच्या तीन मित्रांना घेऊन जायचं. असं तीनदा. तरी तो अडूनच बसला, तर दोष त्याचा!

आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्यू या दिवसाला ‘दारफळणीचा सण’ म्हणत, म्हणजे दारं बंद करण्याचा सण. पांढरे कपडे घालायचे, दारं लावून घरात उपवास करायचा. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. तेव्हा दारं उघडायची, गरिबांना दान द्यायचं, मित्रमंडळींना भेटायला जायचं.

हे वाचताना तुमच्या डोक्यात एखादं नाव आलंच असेल. सबमिशनच्या वेळी भांडलेली पार्टनर, ‘सीन’ करून सोडून दिलेला शाळेतला मित्र किंवा घरातलंच कुणी. त्यांना फॉरवर्ड नको. सरळ जाऊन भेटा. पहिल्यांदा नाही ऐकलं, तर अजून दोन चान्स आहेत!