मैदानावरचा मास्तर : एडी रॉबिन्सन

एप्रिल महिना उजाडला की आपल्या वस्त्यांमध्ये निळ्या पताका लागतात. ११ एप्रिलला जोतीराव, १४ एप्रिलला बाबासाहेब. व्याख्यानमाला होतात, मिरवणुका निघतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. याच एप्रिल महिन्यात, ३ तारखेला, २००७ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात एका ८८ वर्षांच्या वृद्ध शिक्षकाने शेवटचा श्वास घेतला. त्यांचे पार्थिव राज्याच्या विधानभवनात अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले. ज्या राज्यात त्यांच्या जन्मकाळी काळ्या माणसाला मतदानापासून दूर ठेवण्यासाठी नाना कायदे केलेले होते, त्याच राज्याच्या विधानभवनात काळे-गोरे रांगा लावून त्यांचे दर्शन घेत होते. हा माणूस मंत्री नव्हता, धर्मगुरू नव्हता, उद्योगपती नव्हता. तो एका कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात खेळाचा मास्तर होता. त्यांचे नाव एडी रॉबिन्सन.

आपल्या वाचकांना हे नाव फारसे माहीत नसेल. मार्टिन ल्यूथर किंग आपल्याला माहीत आहेत, माल्कम एक्स माहीत आहेत. ब्लॅक पँथरच्या नावावरून तर १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली. त्याच्याही कितीतरी आधी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला होता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. म्हणजे या लोकांशी आपले नाते जुने आहे. पण आपण त्यांचे नेते वाचले, त्यांचे मास्तर वाचले नाहीत.

रॉबिन्सन यांचा जन्म १३ फेब्रुवारी १९१९ चा. वडील दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबणारे, आई लोकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाकपाणी करणारी. ही माहिती वाचताना आपल्याला वेगळे काही वाचतो आहोत असे वाटत नाही. आपल्यापैकी किती जणांच्या आईवडिलांची हीच कथा आहे! मुलगा शिकला. १९४१ साली पदवी हाती आली, पण पदवीला विचारतो कोण? गोऱ्यांच्या कॉलेजात काळ्या प्रशिक्षकाला जागा नव्हती. पदवीधर रॉबिन्सन एका पशुखाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर हमाली करू लागले.

त्याच वर्षी उत्तर लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग या खेड्यातून बोलावणे आले. तिथल्या संस्थेचे तेव्हाचे नाव 'लुइझियाना निग्रो नॉर्मल अँड इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट'. ही संस्था कोणा सरकारने किंवा शेटजीने दान म्हणून दिलेली नव्हती. १९०१ साली त्या भागातल्या काळ्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याकडे शिक्षक मागून ती उभी केली होती. औरंगाबादच्या नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय कसे उभे राहिले, बाबासाहेबांनी त्यासाठी काय केले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ग्रॅम्बलिंग म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

पगार महिना ६३ डॉलर ७५ सेंट. काम मात्र सगळे. मैदानावरचे गवत कापायचे, चुन्याने रेषा आखायच्या, मुलांच्या मुरगळलेल्या घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, सामना संपला की त्याची बातमी लिहून वर्तमानपत्रांकडे पाठवायची. परगावी सामना असला की निघण्याआधी पाव-सँडविचची शिदोरी बांधून घ्यायची, कारण वाटेवरच्या हॉटेलात काळ्या मुलांना आत बसून जेवता येत नसे. आपल्या आजोबांच्या पिढीला गावच्या हॉटेलात बाहेर ठेवलेली वेगळी कपबशी आठवत असेल, तर ही शिदोरी काय असते हे त्यांना विचारा.

पहिल्या वर्षी संघाने तीन सामने जिंकले, पाच हरले. दुसऱ्या वर्षी, १९४२ मध्ये, नऊच्या नऊ सामने जिंकले आणि संपूर्ण हंगामात प्रतिस्पर्ध्याला एक गुणही मिळू दिला नाही. महायुद्धामुळे दोन वर्षे खेळ बंद राहिला, तो काळ सोडला तर १९९७ पर्यंत ते त्याच कॉलेजात उभे राहिले. ४०८ विजय, १६५ पराभव, १५ बरोबरी. १९८५ मध्ये त्यांनी गोऱ्यांच्या अलाबामा विद्यापीठाचे प्रख्यात प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम मोडला. निवृत्त झाले तेव्हा कॉलेज फुटबॉलमध्ये त्यांच्याइतके विजय कोणाच्याही नावावर नव्हते. प्रशिक्षकपदाबरोबर अनेक वर्षे ते कॉलेजचे क्रीडा संचालकही होते.

पण आकड्यांसाठी हा लेख लिहिलेला नाही. आकडे विक्रमांच्या पुस्तकात असतात. आपल्याला त्यांच्याकडून शिकायचे आहे ते वेगळेच.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडच्या फुटबॉलपेक्षा वेगळा खेळ. लांबट चेंडू हातात घेऊन, फेकून, अंगावर येणाऱ्यांना चुकवत पुढे न्यायचा. यात एक जागा असते क्वार्टरबॅकची. प्रत्येक डावाला चेंडू आधी त्याच्या हाती येतो. समोरचा संघ कसा उभा आहे हे तो वाचतो, कोणाला चेंडू द्यायचा हे तोच काही क्षणांत ठरवतो. म्हणजे ती संघाच्या डोक्याची जागा. गोऱ्या मालकांनी काळ्या खेळाडूंना संघात घेतले, पळायला घेतले, धडका द्यायला आणि धडका खायला घेतले. पण डोक्याची जागा त्यांनी राखून ठेवली. कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून चमकलेल्या काळ्या मुलाला व्यावसायिक संघात गेल्यावर सांगितले जाई, तू चांगला पळतोस, तू दुसऱ्या जागेवर खेळ. अर्थ सरळ होता. तुझे पाय आम्हाला हवेत, तुझी बुद्धी नको.

वाचकहो, हे ऐकल्यासारखे वाटते ना? डोके कोणाचे आणि पाय कोणाचे, याची वाटणी करणारे एक सूक्त आपल्या देशातही आहे. त्या वाटणीलाच चातुर्वर्ण्य म्हणतात. अमेरिकेत ती कातडीच्या रंगावर झाली, इथे जन्माच्या जातीवर.

रॉबिन्सन यांनी या वाटणीवर मैदानातून घाव घातला. १९४९ मध्ये त्यांचा विद्यार्थी टँक यंगर व्यावसायिक लीगमध्ये गेला. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून तिथे पोहोचलेला तो पहिला खेळाडू. त्याच्यामागून ग्रॅम्बलिंगचे दोनशेहून अधिक खेळाडू गेले. पण डोक्याची जागा अजून बंदच होती. तेव्हा त्यांनी जेम्स हॅरिस नावाचा मुलगा हाती घेतला आणि त्याला केवळ क्वार्टरबॅक म्हणूनच घडवले. पाय चपळ असले तरी पळून सुटका करून घ्यायची नाही. उभे राहायचे, वाचायचे, विचार करायचा आणि मग चेंडू फेकायचा. पुढे कोणालाही या मुलाची तयारी कमी आहे असे म्हणायला जागाच ठेवायची नाही, हा त्यांचा आग्रह. १९६९ मध्ये बफेलोच्या संघाने हंगामाचा पहिलाच सामना हॅरिसच्या हाती दिला. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकने हंगामाची सुरुवात करण्याची ही पहिलीच वेळ.

त्यानंतरचा विद्यार्थी डग विल्यम्स. १९७८ मध्ये टँपाच्या संघाने त्याला पहिल्याच फेरीत निवडले, पण पगार मात्र इतर संघांतल्या बदली क्वार्टरबॅकपेक्षाही कमी दिला. तो संघ सोडून गेला, दुसऱ्या लीगमध्ये खेळला, परत आला. ३१ जानेवारी १९८८. अमेरिकेतला सर्वांत मोठा सामना, सुपर बाऊल. वॉशिंग्टनच्या संघाचा क्वार्टरबॅक म्हणून विल्यम्स मैदानात उतरला. अंतिम सामन्याची सुरुवात करणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. संघ ०-१० असा मागे पडला. मग एकाच सत्रात त्याच्या नेतृत्वाखाली ३५ गुण निघाले आणि सामना ४२-१० असा जिंकला. सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. काळ्या माणसाला डोके नसते, असे म्हणणाऱ्यांना त्या दिवशी उत्तर मिळाले. ते उत्तर ग्रॅम्बलिंगच्या धुळीत तयार झाले होते.

आता आपल्या घरात डोकावू. पाळवणकर बाळू हे नाव क्रिकेटच्या इतिहासात आहे. चांभार समाजातला हा मुलगा पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबमध्ये खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकायचा. पुढे हिंदूंच्या संघाने त्याला घेतले, कारण त्याच्या डावऱ्या फिरकीवाचून सामने जिंकता येत नव्हते. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू चाले, पण चहा त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. ते मिळाले १९२३ मध्ये, त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला. तेही भावांनी अन्यायाविरुद्ध आवाज उठवल्यानंतर. पुढे राजकारणात बाळू काँग्रेसच्या बाजूने गेले आणि १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून हरले, हे आपण विसरलेलो नाही. पण त्यामुळे मैदानावर त्यांच्यावर झालेला अन्याय खोटा ठरत नाही. क्वार्टरबॅकची जागा आणि कर्णधाराची जागा, प्रश्न एकच आहे. आमची बोटे चालतात, मग आमचे डोके का चालत नाही?

रॉबिन्सन यांची सगळी धोरणे आपल्याला पटतील असे नाही. चळवळीच्या वाचकांपासून ते लपवू नये. साठच्या दशकात कृष्णवर्णीयांचा लढा रस्त्यावर पेटला होता, तेव्हा हे मास्तर मोर्चात दिसले नाहीत. आपले काम चोख करणे हाच आपला लढा, असे ते मानत. त्यावर टीका झाली. १९६७ मध्ये तर ग्रॅम्बलिंगच्याच विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. फुटबॉलचा एवढा गाजावाजा, मग अभ्यासाचा दर्जा का नाही, हा त्यांचा सवाल होता. तो सवाल रास्त होता. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असे सांगणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायाला त्या विद्यार्थ्यांची बाजू घ्यावीच लागेल. महाडचे पाणी केवळ चांगले काम करून मिळाले नसते, त्यासाठी तळ्यावर जावेच लागले.

पण मास्तरांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. पहाटे हातात घंटा घेऊन ते वसतिगृहाच्या खोल्याखोल्यांतून फिरत. सरावासाठी नव्हे, तर मुलांना वर्गात पाठवण्यासाठी. प्रवासाला निघताना प्रत्येक मुलाच्या अंगावर कोट आणि टाय असला पाहिजे, हा त्यांचा नियम. जेवणाच्या टेबलावर कसे बसावे, परक्याशी कसे बोलावे, हेही ते शिकवत. बाबासाहेबांचा सूट ज्यांनी समजून घेतला, त्यांना हा टाय समजेल. जग ज्यांना मळके ठरवू पाहते, त्यांनी ताठ मानेने, स्वच्छ कपड्यात उभे राहणे हीही एक लढाईच असते. मोर्चा दार उघडतो. उघडलेल्या दारातून आत जाऊन टिकायला तयारी लागते. दोन्ही लागतात. एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही.

शेवट मात्र कडू होता. गोऱ्या विद्यापीठांनी काळ्या खेळाडूंना दारे उघडली, तसे गुणी विद्यार्थी तिकडे जाऊ लागले. ज्या दारासाठी मास्तरांनी आयुष्य घालवले, त्याच दारातून त्यांचा संघ रिकामा होत गेला. शेवटच्या तीन हंगामांत विजयांपेक्षा पराभव जास्त झाले. १९९६ मध्ये त्यांना घरी बसवण्याच्या हालचाली झाल्या. लोक संतापले, तेव्हा एक वर्ष वाढवून मिळाले. १९९७ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांची जागा डग विल्यम्सने घेतली. नंतर स्मृतिभ्रंशाच्या आजाराने त्यांच्या आठवणी पुसल्या. ज्याने शेकडो मुलांना नावानिशी घडवले, त्याला ती नावेही आठवेनाशी झाली. पण मुले मास्तरांना विसरली नाहीत. २०१० मध्ये ग्रॅम्बलिंगमध्ये त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडले.

आपल्याकडे काय आहे? आपल्या शाळा-कॉलेजांत, वसतिगृहांत असे कितीतरी खेळाचे शिक्षक होऊन गेले. कबड्डीच्या, कुस्तीच्या, धावण्याच्या निमित्ताने त्यांनी पोरांना दारूच्या गुत्त्यापासून दूर ठेवले, स्वतःच्या पगारातून बूट घेऊन दिले, परीक्षेची फी भरली. त्यांचा फोटो कोणत्या भिंतीवर आहे? जयंतीच्या मंचावर पुढाऱ्यांना शाल मिळते, पीटीचे सर मागच्या रांगेत उभे असतात. आणि आज खेळात आपली मुले दिसतात म्हणून समाधान मानू नका. कर्णधार कोण, प्रशिक्षक कोण, निवड समितीत कोण, क्रीडा संघटनेच्या खुर्चीत कोण, हे विचारा. पाय आपले आणि डोके त्यांचे, हा जुना करार अजून कुठे कुठे चालू आहे ते तपासा.

या जयंतीला एक करा. ज्या सरांनी तुम्हाला पहाटे मैदानावर उभे केले, ते हयात असतील तर त्यांच्या घरी जा. नसतील तर त्यांच्याबद्दल चार ओळी लिहून ठेवा आणि आपल्या मुलांना वाचून दाखवा. ग्रॅम्बलिंगच्या मास्तरांची आठवण तिथल्या लोकांनी जपली. आपल्या मास्तरांची आपणच जपली पाहिजे, ती दुसरे कोणी जपणार नाही.

जय भीम!