अझुला सुधारू शकते का?

आज एका चौदा वर्षांच्या मुलीबद्दल बोलायचंय. ती राजकन्या आहे, तिच्या हातातून निळी आग निघते, आणि आपल्या सख्ख्या भावावर वीज सोडताना ती क्षणभरही थांबत नाही. तिचं नाव अझुला.

'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही अमेरिकी ॲनिमेशन मालिका २००५ ते २००८ या काळात निकलोडियन वाहिनीवर आली. तीन पर्वं, ६१ भाग. गोष्ट तिथेच थांबली नाही. २०१२पासून डार्क हॉर्स या प्रकाशनाने ती कॉमिक्समधून पुढे नेली. ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: अग्निराष्ट्राने शंभर वर्षं साऱ्या जगावर युद्ध लादलंय, ओझाय हा त्याचा राजा आहे, झुको त्याचा मुलगा आणि अझुला मुलगी. मालिकेच्या शेवटी झुको आंग या नायकाच्या बाजूला उभा असतो, आणि अझुला साखळदंडात, जमिनीवर, हमसून हमसून रडत असते. तेव्हापासून चाहत्यांत वाद चालू आहे. भाऊ सुधारला, मग बहीण का नाही?

या वादात सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर मला पटत नाही. ते असं: "तिचं बालपण बघा ना! बापाने तिला शस्त्रासारखं वाढवलं, आई निघून गेली." हे सगळं खरं आहे. तिसऱ्या पर्वात समुद्रकिनाऱ्यावरचा एक भाग आहे. आई आपल्याला राक्षसीण समजायची, असं ती तिथे सहज बोलून जाते, आणि त्याचं आपल्याला वाईट वाटलं होतं हेही सांगते. त्या एका वाक्यासाठी तो भाग पुन्हा पाहावा. पण ती अशी का झाली हे कळलं म्हणजे ती सुधारली असं होत नाही. कारण कळलं की आपली कणव वाढते, पण बदल आपल्यात झालेला असतो, तिच्यात नाही.

आता झुकोकडे बघा. बालपण त्याचंही तेच, उलट अधिक वाईट. तेराव्या वर्षी बापाने भर सभेत त्याचा चेहरा जाळला आणि त्याला देशोधडीला लावलं. तरी लेखकांनी त्याला या दुःखाच्या बदल्यात माफी दिली नाही. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीला बा सिंग से या शहरात त्याला चांगलं वागायची आयती संधी मिळते, आणि तो आयरोकाकाला दगा देऊन बहिणीला जाऊन मिळतो. मग घरी जातो. बापाची शाबासकी, मान, राजवाडा, हवं होतं ते सगळं मिळतं. आणि ते मिळाल्यावर कळतं की आपल्याला हे नकोय. माझ्या मते मालिकेतली सगळ्यात हुशार गोष्ट ही आहे. हरलेला माणूस बाजू बदलतो त्यात नवल नाही. झुको जिंकल्यावर बदलतो.

त्यानंतरही लगेच फुलं पडत नाहीत. आंगची मंडळी त्याला आधी हाकलून देतात. घेतल्यावरही कटारा स्पष्ट बजावते की पुन्हा घसरलास तर गाठ माझ्याशी आहे. आणि आयरोकाका? झुको माफी मागायला तोंड उघडतो, वाक्य पुरं व्हायच्या आत काका त्याला जवळ ओढतो. मला इथे दोन्ही हव्या आहेत, कटाराही आणि काकाही. नुसता काका असता तर गोष्ट गुळचट झाली असती.

आपल्याकडे वाल्या कोळ्याची गोष्ट घरोघरी सांगतात. सात रांजण खड्यांनी भरले, एवढी पापं. पण गोष्ट रांजणांवर अडत नाही, एका प्रश्नावर अडते. माझ्या पापात तुम्ही वाटेकरी होणार का, हे तो घरच्यांना विचारतो, ते नाही म्हणतात, आणि तो ते ऐकून घेतो. कुणालाही दोष देत नाही. खडे किती, याने वाल्या ठरला नाही. उत्तर ऐकून तो काय करतो, याने ठरला.

अझुलाला हे उत्तर मिळालेलं आहे, तेही अनेकदा. 'द सर्च' या २०१३च्या कॉमिकमध्ये (लेखक जीन लुएन यांग, चित्रं गुरिहिरू या जपानी जोडीची) ती आईला शोधायला झुकोबरोबर निघते. आई सापडते, पण तिची स्मृती पुसलेली असते. समोर मारायला आलेली ही मुलगी आपली आहे हे तिला आठवतही नाही, तरी ती म्हणते की मी तुझी आई असेन तर तुझ्यावर पुरेसं प्रेम केलं नाही याबद्दल मला क्षमा कर. अझुलाने जन्मभर जे मागितलं ते हेच. आणि ती काय करते? जंगलात पळून जाते. पुढे 'स्मोक अँड शॅडो'मध्ये भुतांचं सोंग घेऊन राजधानीतली लहान मुलं पळवते. त्यात तिची स्वतःची सावत्र बहीण कियीसुद्धा असते! हे सगळं कशासाठी, तर झुकोने धाकावर राज्य करायला शिकावं म्हणून. २०२३च्या 'अझुला इन द स्पिरिट टेंपल'मध्ये तर देवळातला आत्माच तिला स्वतःकडे बघायची संधी देतो. तीही ती झिडकारते.

काही चाहते यावर चिडले. मला वाटतं लेखकांनी बरोबर केलं. तिला बदलवणं सोपं होतं. रडवायचं, मिठी मारायला लावायचं, पान उलटायचं. पण पळवलेल्या त्या मुलांच्या आईबापांचं काय? त्यांना त्या मिठीत कुठे जागा आहे?

म्हणून ती जन्मतःच दुष्ट, असं मात्र मी म्हणणार नाही. तसं असतं तर आरशात आई दिसल्यावर तिने आरसा फोडला नसता. ज्याला काहीच लागत नाही तो आरसे फोडत नाही. झुकोही तिला अजून बहीणच म्हणतो, म्हणजे एक दार उघडं आहे. अडचण अशी की अझुलाला आजवर जिंकण्याची आणि हरण्याची, या दोनच गोष्टींची भाषा येते. माफी मागणं तिच्या हिशेबात हरणं आहे.

पुढचं एखादं कॉमिक मला लिहायला दिलं, तर मी तिला राजवाड्यात नेणार नाही, देवळातही नाही. पळवलेल्या मुलांपैकी एकाच्या घरी पाठवीन, एकटीला. दार त्या मुलाची आई उघडेल, अझुलाला ओळखेल, आणि एक शब्द न बोलता तोंडावर दार लावून घेईल. पुढच्या चौकटीत अझुलाचे हात दाखवायचे. त्यांत आग नसेल.