हातपंपातील वाटी-वॉशर

अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर, पाथर्डी यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत उन्हाळ्यात हातपंप बंद पडला की वस्तीची पायपीट सुरू होते. पुष्कळदा बिघाड असतो तो एका लहानशा वॉशरचा.

सोलापूर पंपावरून विकसित झालेल्या इंडिया मार्क २ पंपाच्या नळकांड्याचा आतील व्यास ६३.५ मिलिमीटर असतो. त्यात वरखाली होणाऱ्या दट्ट्यावर वाटीच्या आकाराचे वॉशर बसविलेले असतात. दट्ट्या वर जाताना वरील पाण्याच्या दाबाने वाटीची कड फाकते व नळकांड्यास घट्ट चिकटते. पाणी ३० मीटर उचलावयाचे असल्यास हा भार सुमारे ९५ किलो होतो. भार जितका अधिक, तितकी कड घट्ट! दट्ट्या खाली येताना त्यातील झडप उघडते, दाब सुटतो व कड सैल होते. ट्रॅक्टरची ट्रॉली उचलणाऱ्या जॅकमध्ये तेलाचा दाब हेच कार्य करतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(१) वाटीचे तोंड वरच असावे. उलट बसविल्यास दाब कडेस मिळत नाही व पाणी निसटते.

(२) चामडी वाटी प्रथम भिजवून मऊ करावी. नायट्राइल रबराच्या वाटीस याची गरज नसते.

(३) पाण्यातून वाळू येत असल्यास नवी वाटीही लवकर झिजते.

कूपनलिकेत पुरेसे पाणी असूनही धार बारीक होऊ लागल्यास वाटी झिजल्याचा संशय घ्यावा. मार्क २ पंपात वाटी बदलण्यासाठी सर्व नळ वर काढावे लागतात. म्हणून हे काम उन्हाळ्यापूर्वीच उरकून घ्यावे.