गिटारीचा भोपळा

गेल्या ज्येष्ठांतली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. त्या दिवसांत परभणीस उकाडा असा असतो, कीं पहिला पाऊस पडून गेला तरी भिंती रात्रभर तापलेल्याच राहतात. झोप येईना म्हणून पाणी प्यावयास उठलों, तों नातवाच्या खोलींतून डांसाच्या गुणगुणण्यासारखा बारीक आवाज ऐकूं आला. दार लोटून पाहतों, तर चिरंजीव अंधारांत गिटार छातीशीं धरून, तिच्या लांकडास कान लावून, ती वाजवीत बसले आहेत! “हा काय प्रकार?” असें विचारतां म्हणाला, “आजोबा, आजीची झोप मोडेल म्हणून.” शेजारच्याच खोलींत सौ. निजली होती. गेल्या वर्षीं तिच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाल्यापासून तिची झोप फार हलकी झाली आहे.

परंतु खरें कारण तेवढेंच नव्हतें. त्याच्यापाशीं गिटार होती, ती विजेची, एका मित्राकडून जुनी घेतलेली. आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर मात्र नव्हता. नववीच्या मुलांच्या शिकवण्या करून त्यानें वर्षभरांत बारा हजार रुपये साठविले होते, आणि भाद्रपदांत गणपतीच्या मंडपांत चौघां मित्रांसह वाजविण्याचें त्यास आमंत्रण होतें. निवड करावयास त्यानें मला हांक मारिली. मी आयुष्यभर शब्दरूपें आणि संधि शिकविले. विजेचें ज्ञान फ्यूज बदलण्यापलीकडे नाहीं. पण त्याचें म्हणणें असें, कीं “आजीचा तंबोरा तुम्हींच निवडला होता ना?”

तो तंबोरा मीं आमच्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षीं मिरजेहून आणिला. तेथील कारागिरानें मला किंमत विचारूं दिली नाहीं. त्यानें प्रथम विचारलें तें हें, कीं गाणार पुरुष कीं स्त्री, आणि गाणें व्हावयाचें कोठें. पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्याचा भोपळा मोठा, बायकी आवाजाच्या तंबोऱ्याचा लहान. हे भोपळे पंढरपूरच्या बाजूच्या शेतांतून येतात. ते वाळवून, पोखरून त्यांवर तबली बसवितात, आणि मग तारेचा क्षीण झणत्कार त्या पोकळींत घुमून घरभर होतो. भोपळा हा तंबोऱ्यास लाविलेला अलंकार नव्हे. तो काढिला तर दांडा आणि चार तारा एवढेंच उरतें.

नातवाच्या गिटारीस भोपळाच नाहीं! साध्या गिटारीचें पोट पोकळ असतें, हिचें अंग भरीव लांकडाचें. तारांखालीं लोहचुंबक, आणि त्यांभोंवतीं बारीक तारेचीं वेटोळीं. पोलादी तार हालली कीं वेटोळ्यांत अत्यल्प वीज उत्पन्न होते. १९३० नंतरच्या दोनतीन वर्षांत अमेरिकेंत ही युक्ति निघाली, कारण तेथील नृत्यगृहांत पितळी वाद्यांच्या गर्दींत गिटार ऐकूं येईना. तेव्हां अशा गिटारीचा अ‍ॅम्प्लिफायर हा तिचा भोपळाच होय. मध्यें चार हात वायर असली म्हणून काय झालें? गिटार हें परकें वाद्य म्हणून नाक मुरडणाऱ्या आमच्या स्नेह्यांस एवढेंच सांगतों, कीं पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनीं १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत संतूर व बासरीच्या जोडीस ती बसविली आहे, आणि तिच्यांत फेरफार करून घडविलेल्या मोहनवीणेचे वादक पंडित विश्वमोहन भट्ट यांस १९९४ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें आहे.

असो. पहिली चूक मींच केली. एका दुकानदारानें (गांवाचें नांव घेत नाहीं) रंगीबेरंगी दिव्यांची एक पेटी ‘एक हजार वॅट’ म्हणून माझ्या गळ्यांत घातली. पैसे माझ्या पेन्शनीचे होते, नातवाचे नव्हते, तेवढेंच समाधान. घरीं येऊन लाविली, तों गिटारीचा आवाज पत्र्याच्या डब्यांतून निघाल्यासारखा. मग भिंग घेऊन तिच्या अडॅप्टरवरील बारीक अक्षरें वाचलीं: १२ व्होल्ट, २ अँपिअर. यांचा गुणाकार २४ वॅट. चोवीस वॅट आंत घेणारी पेटी हजार वॅट बाहेर कोठून देणार? आमच्या शाळेंतील विज्ञानाचे जुने शिक्षक हंसून म्हणाले, “गुरुजी, यास पी.एम.पी.ओ. म्हणतात, क्षणार्धाच्या उसळीचा फुगविलेला आंकडा तो. ‘आर.एम.एस.’ असें लिहिलेला आंकडा पाहावा, तोच खरा.” हा गुणाकार चौथीच्या मुलासही येतो, तो दुकानांतच करावयाचें मला सुचलें नाहीं.

त्याच शिक्षकांनीं पुढें दोन संध्याकाळ बसून मला वॅट आणि डेसिबल यांचें नातें समजाविलें. तें कळल्यावर अनेक कुटुंबांचे पैसे वांचतील असें वाटतें, म्हणून येथें थोडें सविस्तर लिहितों. ५० वॅटांचा अ‍ॅम्प्लिफायर २५ वॅटांच्या दुप्पट मोठ्यानें वाजतो, हा सार्वत्रिक भ्रम आहे. वॅट दुप्पट केले कीं आवाज केवळ ३ डेसिबलांनीं वाढतो, आणि तेवढा फरक कानास जेमतेम कळतो. आवाज दुप्पट झाला असें वाटावयास सुमारें १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे वॅट दहापट व्हावे लागतात. उलट, बऱ्यापैकीं गिटारीचा स्पीकर अवघ्या एका वॅटावर, एक मीटर अंतरावर, ९५ डेसिबलांच्या आसपास आवाज देतो. ८५ डेसिबलांच्या पुढील आवाज तासन्‌तास ऐकल्यास कानास अपाय होतो. यावरून दहा फूट लांबीच्या खोलींत एक वॅट देखील किती होतो, याची कल्पना यावी. सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी वस्तीची मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल धरिली आहे, आणि रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धकास मनाई आहे. तेव्हां घरच्या अभ्यासासाठीं चाळीस-पन्नास वॅटांचे पैसे मोजणें म्हणजे दोन माणसांच्या भातासाठीं लग्नाचें पातेलें विकत घेणें होय.

मला या प्रसंगीं भरताच्या नाट्यशास्त्राची आठवण झाली. दुसऱ्या अध्यायांत मनुष्यांच्या नाट्यगृहास त्यानें चौसष्ट हात लांबी आणि बत्तीस हात रुंदी सांगितली आहे, म्हणजे सुमारें ९६ फूट बाय ४८ फूट. याहून मोठें गृह बांधूं नये, कारण उच्चारलेले शब्द विस्वर होतात आणि मुखावरील भाव दिसेनासे होतात, असें त्याचें म्हणणें. वाद्य आणि जागा यांचा मेळ हा विचार कांहीं आजचा नाहीं. पण चौसष्ट हातांच्या पलीकडील मंडपाचें काय? तें पुढें सांगतों.

आम्हीं दोघे तपोवन एक्सप्रेसनें मुंबईस गेलों आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं धोबीतलावावरील फुर्टाडो यांच्या दुकानांत शिरलों. हें दुकान १८६५ पासूनचें. एवढ्या दूर जाण्याचें कारण एकच: भोपळा टिचकी मारल्यावांचून घेऊं नये. नातवानें स्वतःची गिटार बरोबर नेली होती. मी त्या यंत्रांकडे पाठ करून स्टुलावर बसलों, आणि तो एकच लहानशी चाल आळीपाळीनें प्रत्येकावर वाजवूं लागला. आवाज आम्हीं मुद्दामच दोन माणसांच्या बोलण्याइतका ठेविला, कारण मोठ्यानें वाजविल्यास सर्वच यंत्रें क्षणभर भव्य वाटतात. दुकानांतला एक तरुण नोकर प्रथम हंसला, नंतर तोही पाठ करून माझ्या शेजारीं बसला!

तेथें ध्यानांत आलें तें असें. बॉस कंपनीचा कटाना मिनी हा सात वॅटांचा लहानगा ठोकळा सहा पेन्सिल-सेलांवर चालतो; आमच्याकडे वीज जाते तेव्हां हा गुण मोठा, पण त्याचा स्पीकर चार इंची, त्यामुळें खर्जाची तार पोंचत नाहीं. फेंडरचा फ्रंटमन दहा वॅटांचा, सहा इंची. आवाज स्वच्छ, तरी पोट लहानच. त्याच बॉसच्या पन्नास वॅटांच्या कटानाचा स्पीकर बारा इंची, आणि एक खटका फिरविला कीं तो अर्ध्या वॅटावर येतो. घर आणि मंडप दोन्ही साधणारी ही योजना मला मनापासून आवडली. पण त्याची किंमत नातवाच्या पुंजीच्या दुपटीहून अधिक. आजोबा भर घालतील, असें मीं सुचविलें. तो “नको” म्हणाला, आणि मीं आग्रह केला नाहीं. शेवटीं वीस वॅटांचा, आठ इंची स्पीकरचा एक अ‍ॅम्प्लिफायर निवडला. पाठ करून ऐकतांना दोनदां माझें बोट त्याच्याकडेच गेलें होतें. नांव मुद्दाम देत नाहीं. नमुने वर्षादोन वर्षांनीं बदलतात, कान तोच राहतो.

त्यास दोन छिद्रें होतीं, तीं मात्र आम्हीं पाहूनच घेतलीं. एक हेडफोनचें, त्यायोगें रात्रीं अकरा वाजतांही सौ.ची झोप मोडण्याचें कारण उरत नाहीं. दुसरें ‘लाइन आउट’चें, त्यांतून वायर काढून मंडपवाल्याच्या यंत्रास जोडतां येते. चौसष्ट हातांपलीकडील मंडपाचें उत्तर हेंच. हजार लोकांस ऐकविण्याचें काम मंडपवाल्याच्या कर्ण्यांचें. आपल्या अ‍ॅम्प्लिफायरनें स्वर घडवावा आणि वाजविणाऱ्यास स्वतःचें ऐकूं यावें, एवढेंच. गिटार थेट मंडपवाल्याच्या यंत्रास जोडूं नये. गिटारीच्या स्पीकरांतून अतितार ध्वनि जवळजवळ गळून जातात आणि स्वरास गोलाई येते. ती गाळणी नसली तर माशांचें मोहोळ उठल्यासारखा आवाज होतो. म्हणून लाइन आउटमध्यें स्पीकरच्या आवाजाचें अनुकरण केलेलें आहे कीं नाहीं, हें विचारून घ्यावें. नसल्यास स्पीकरसमोर एक माइक ठेविला तरी भागतें. ढोलाबरोबर, उघड्या मैदानांत, कर्ण्यांच्या मदतीवांचून वाजवावयाचें असेल तरच चाळीस-पन्नास वॅट आणि बारा इंची स्पीकर यांची गरज. पोकळ पोटाच्या गिटारीचा मार्ग निराळा. तिला अतितार ध्वनि हवे असतात, म्हणून तिच्यासाठीं वेगळ्या जातीचा अ‍ॅम्प्लिफायर मिळतो. आपली गिटार कोणती, हें दुकानांत प्रथम सांगावें.

आतां एक गोष्ट, जी मी किंमत आणि स्वर यांच्याही आधीं लिहावयास हवी होती. मागच्या वर्षीं एका मंडपांत नातू दुसऱ्याच्या अ‍ॅम्प्लिफायरवर वाजवीत होता. हात तारांवर, आणि गाण्यासाठीं ओठ माइकला लागले मात्र, असा झटका बसला, कीं तो मागें कोसळला. दैव बलवत्तर म्हणून ओठ भाजण्यावर निभावलें. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी, जाड पिन कोणी तरी कापून टाकिली होती, कारण एक्स्टेन्शनचा बोर्ड दोन छिद्रांचा! गिटारीच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या अंगाशीं जोडलेल्या असतात. त्या अंगांत वीज उतरली आणि तिला जमिनीची वाट नसली, कीं ती वाजविणाऱ्याच्या देहांतून माइकमार्गें जमीन शोधते. १९७२ सालीं वेल्समधील स्वानसी येथें लेस्ली हार्वे हा गिटारवादक भर कार्यक्रमांत माइकला हात लावतांच असाच मृत्युमुखीं पडला. तिसरी पिन कापणें म्हणजे विहिरीचा कठडा काढणें होय.

आपल्याकडे आणखी एक अडचण. परभणीची काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते. ती कोरडी पडली कीं आर्थिंगचा खड्डा निरुपयोगी होऊं लागतो. त्यांत पाणी घालावें हें आमच्या वडिलांच्या वेळेपासून ठाऊक आहे, घालतो कोण! मंडपांत अ‍ॅम्प्लिफायर आणि माइकचें यंत्र एकाच बोर्डावरून, एकाच आर्थिंगवर चालवावें, आणि त्या बोर्डाआधीं ३० मिलिअँपिअरचा, गळती होतांच वीज तोडणारा खटका बसवावा. तो वायरमनच्या हातून बसवून घ्यावा. घरांत स्वस्त इन्व्हर्टर असल्यास त्यावर अ‍ॅम्प्लिफायर घूं घूं करतो. तो यंत्राचा दोष नव्हे, चौकोनी लाटेची वीज देणाऱ्या इन्व्हर्टरचा.

गणपतींत मंडळी वाजली. तिसऱ्या रात्रीं मीही जाऊन मागील खुर्चीवर बसलों. गिटार स्पष्ट ऐकूं येत होती. ढोलकी मात्र अंमळ पुढें धांवत होती, हें त्यांस दुसऱ्या दिवशीं सांगितलें. हल्लीं संध्याकाळीं सौ. आपणच म्हणते, “अरे, तें कानाचें काढ, जरा बाहेर वाजव.” मग तो आवाज बारीक ठेवून वाजवितो, आणि तिला बरें वाटत असेल त्या दिवशीं ती तंबोरा मागविते.

बारा हजारांतून उरलेल्या पैशांत खटका आणि लाइन आउटची वायर आली. वायर घेतांना दहा हातांची घ्यावी. आम्हीं पांच हातांची घेतली, ती मंडपवाल्याच्या यंत्रापर्यंत पोंचली नाहीं आणि आयत्या वेळीं बाजारांत धांवावें लागलें.